खिसे तपासून घ्या

येंकोबाअण्णांचा उजवा डोळा त्यांच्या हट्टापायी गेला, असं आमच्या बंगळूरच्या जुन्या मराठी मंडळींत अजूनही सांगतात. घरातलं कुणी म्हातारं माणूस मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नाही म्हणालं की 'येंकोबाअण्णांसारखं करू नका' म्हणून त्याला दटावतात. अण्णांना जाऊन पंचवीस वर्षं होत आली. ज्यांनी त्यांना पाहिलंही नाही अशा सुना त्यांचं नाव घेऊन सासऱ्यांना दवाखान्यात नेतात. ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली मी, तीही माइकवरून. ती अर्धी खरी आहे. उरलेली अर्धी आज लिहून ठेवतो, कारण मला ब्याऐंशी झाली आणि ती माहीत असलेलं दुसरं कुणी आता नाही.

अण्णा कोट शिवायचे. बनशंकरीला आमच्या घराला लागून त्यांचं घर, आणि त्यांची पुढची खोली म्हणजे दुकान. पाटी नव्हती. "कोट शिवणाऱ्याला पाटी लागत नाही, लोक कोट घालून हिंडतात तीच पाटी," असं त्यांचं म्हणणं. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे. मी सरकारी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो, म्हणून मला ते कानडी पद्धतीनं 'मेष्टरे' म्हणायचे. आम्हा दोघांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी एकाच फौजेबरोबर इकडे आले असं मानतात. अण्णा ते स्वतःच्या पद्धतीनं सांगायचे : "तुमचे आले तलवारी घेऊन, आमचे आले त्यांचे अंगरखे शिवायला. तलवारी कुठं गेल्या ते तुम्हांला ठाऊक. आमची सुई आहे अजून."

या माणसाशी शेजार करणं सोपं नव्हतं. त्यांच्या गळ्यात टेप असायची, पण जानवं असतं तशी, वापरण्यासाठी नव्हे. गिऱ्हाईक आलं की ते त्याला दारात उभं करायचे, चार हातांवरून बघायचे, "वळा" म्हणायचे, पुन्हा बघायचे आणि आकडे सांगत सुटायचे. छाती अडतीस, खांदा साडेसतरा, डावा हात उजव्याहून पाव इंच लांब. गिऱ्हाईक घाबरून म्हणायचं, "अण्णा, एकदा टेप लावून..." "टेप आंधळ्याला," अण्णा म्हणायचे. मी एकदा पैजेनं त्यांचे आकडे टेप लावून पडताळले होते. पाव इंचाचाही फरक निघाला नाही. त्यानंतर आठ दिवस ते मला बघून नुसते हसत होते.

घाई करणाऱ्या माणसाचा त्यांना राग. "कोट अर्जंट नसतो मेष्टरे. अंगावरचं शेवटचं कापड तेवढं अर्जंट, आणि ते शिवावं लागत नाही." तरी पोटासाठी घाईची कामं घ्यावी लागत. अशा कापडाला ते लाल कागद टाचायचे आणि त्यावर इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, 'अर्जंट' लिहायचे. इंग्रजीतला तेवढा एकच शब्द त्यांना येत होता. प्रत्येक अक्षर टाक्यासारखं सुटं सुटं.

आणि खिसे. मापाला किंवा दुरुस्तीला आलेल्या कोटाचे खिसे ते आधी रिकामे करायचे. निघेल ते, म्हणजे बसचं तिकीट, देवळातलं सुकलेलं फूल, सुपारीचं खांड, वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधून बिस्किटांच्या एका डब्यात ठेवायचे. कोट परत देताना ती पुडी आतल्या खिशात टाचणीनं टाचलेली असायची आणि अण्णा दारात येऊन म्हणायचे, "खिसे तपासून घ्या." एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याला त्यांनी अर्धी चघळलेली खोकल्याची गोळी अशी पुडीत बांधून परत केली होती.

"त्याला काय ती परत चघळायची होती?" त्यांची बायको सरसक्का म्हणाली.

"ते त्यानं ठरवायचं. खिसा म्हणजे माणसाचं घर. आपण शिरलो ते कामापुरतं. तिथलं काही ठेवून घ्यायचं नाही, वाचायचं नाही."

नव्वद साल उलटल्यावर कधीतरी अण्णांच्या डोळ्यांचं बिघडायला लागलं. पहिला पुरावा आणला एका वकिलानं. काळा कोट शिवायला दिला होता. तो घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी तणतणत परत आला. धड काळं आणि बाह्या गडद निळ्या. शेजारच्या कापडातल्या बाह्या याच्या कोटाला लागल्या होत्या. अण्णांनी कोट उन्हात धरला, नाकाशी नेला, आणि म्हणाले, "काळाच आहे. तुमच्या कोर्टात उजेड कमी."

"अण्णा, मी उन्हात उभा आहे."

"मग ऊन जास्त."

माझ्या लक्षात आलं. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं, निळा रंग आधी हरवतो. मी तसं सांगायला गेलो. मुलांना शिकवताना सांगायचो तेच उदाहरण घेतलं : "अंड्यातला पांढरा बलक कच्चा असतो तेव्हा आरपार दिसतं. उकडला की दिसत नाही. डोळ्यातल्या भिंगाचं वयानं तसंच होतं. ते काढून नवं बसवतात आता, प्लास्टिकचं. पूर्वीसारखे सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखे चष्मे नाहीत."

अण्णा विचार करून म्हणाले, "म्हणजे माझा डोळा उकडलेलं अंडं. सकाळी सकाळी शाकाहारी माणसाला हे सांगायला आलात?"

मग तर कहरच झाला. एके दिवशी ते कुंपणाशी आले ते चष्मा हातात धरून. माझ्या देखत त्यांनी सुईत दोरा ओवला. उघड्या डोळ्यांनी, एका झटक्यात. गेली वीस वर्षं जवळचं बघायला चष्मा लागणारा माणूस. "कसं काय, मेष्टरे? रोज सकाळी नाचणीची आंबील आणि पायांच्या तळव्यांना एरंडेल. डोळे परत तरुण झाले. ते अंडं बिंडं तुमच्या शाळेत."

मी डोक्याला हात लावला. हीही मोतीबिंदूचीच करणी. भिंग घट्ट होतं तसं काही जणांना जवळचं काही काळ बिनचष्म्याचं दिसायला लागतं, दूरचं मात्र जातं. लोक त्याला सुधारणा समजतात. हे मी त्यांना आकृती काढून समजावलं. अण्णांनी आकृती घेतली, उलटीसुलटी केली, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर कॉलरचा नमुना काढला.

पण त्यांचा धंदा होता चार हातांवरून बघण्याचा, आणि नेमकं तेच गेलं होतं. कोट चुकायला लागले. आमच्या हेडमास्तरांच्या बाह्या बोटांच्या टोकापर्यंत आल्या. "तुमचे हात आखडले. म्हातारपणी होतं." नव्या नवरदेवाचं बटण लागेना. "लग्न ठरल्यापासून खातोय." गिऱ्हाइकं हसून घ्यायची, मग हसेनाशी झाली, मग येईनाशी झाली. मी मागे लागायचो. सकाळ, संध्याकाळ, कुंपणावरून. माझी बायको म्हणायची, "त्यांना मोतीबिंदू झालाय की तुम्हांला?" अण्णांचं उत्तर ठरलेलं. त्यांच्या वडिलांना डॉक्टरांनी सांगितलं होतं, पिकल्यावर या. "फणस पिकल्याशिवाय कापतात काय? स्वल्प थांबा. पिकू दे." मी सांगायचो, ते जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनाचं झालं, आता पिकायची वाट बघत नाहीत, उलट फार पिकला तर धोका. ते मान हलवायचे आणि सरसक्काला म्हणायचे, "मेष्टरांना चहा टाक. घसा कोरडा पडला त्यांचा." दोन वर्षं. दोन वर्षं मी त्या माणसापुढे घसा कोरडा केला.

शेवटी त्यांना हलवलं ते मी नव्हे. एका दुपारी ते मार्केटातून परत येताना बसस्टॉपवर उभे होते. बाजूला एक बाई उभी होती. तिला त्यांनी कानडीत विचारलं, "अम्मा, ही बस बनशंकरीला जाते का?" बाई कानडीतच म्हणाली, "जाते, चढा." दोघं चढले. उतरले. बाई मागोमाग गल्लीत आली, फाटकाशी आली, तेव्हा अण्णा थांबले. बाईनं पिशवीतून किल्ली काढून कुलूप उघडलं. सरसक्का होती ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा माझ्या दारात, धुतलेला शर्ट घालून. "चला मेष्टरे. कुठं नेता ते न्या."

इथपर्यंतची गोष्ट मी माइकवरून सांगत आलो. इथून पुढची नाही.

डिसेंबर होता. थंडी म्हणून मी माझा जुना तपकिरी कोट घातला होता. दवाखान्यात त्यांच्या डोळ्यांत थेंब घालून त्यांना बाकावर डोळे मिटून बसवलं, मग तपासलं, आणि परत बाकावर पाठवलं. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. तरुण माणूस, भराभर बोलणारा. म्हणाला, "डावा डोळा थांबेल. उजव्यातलं भिंग फुगायला लागलंय. डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट त्यानं बंद झाली तर आतला दाब चढतो. नस एकदा मेली की मग मी कितीही चांगलं भिंग बसवलं तरी उपयोग नाही. पंधरा दिवसांच्या आत करून घ्या. आणि अचानक दुखलं, लाल झालं, उलटी झाली, तर त्या तासाला इकडे आणा." त्यानं चिठ्ठी लिहिली. वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत एक शब्द लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. मी चिठ्ठी कोटाच्या खिशात ठेवली.

माझ्या मुलीचं लग्न पाच आठवड्यांवर आलं होतं. घरातल्या पाच पुरुषांचे कोट अण्णांकडे होते. कापड देऊन झालं होतं आणि माप चुकू नये म्हणून मी प्रत्येकाचा जुना कोट नमुन्याला देणार होतो. त्या काळी ऑपरेशन झालं की महिनाभर मशीन नाही, वाकणं नाही. मग कोट दुसऱ्याकडे द्यायचे म्हणजे अण्णा ते कापड हातातून सोडणार नाहीत, रुसणार, लग्नाला येणार नाहीत, आणि समाजात विचारणा होणार. हे सगळं मी बाकापर्यंतच्या दहा पावलांत ठरवलं. भीती वगैरे काही वाटली नाही. पाच आठवड्यांत काय होतंय, एवढंच वाटलं. आणि खरं सांगायचं तर, या माणसानं मला दोन वर्षं पिडलं होतं. आता याची घाई मीच का करू, असंही वाटलं.

अण्णांनी डोळे मिटूनच विचारलं, "काय म्हणाले?"

मी म्हणालो, "अजून थोडा कच्चा आहे. लग्न झालं की करू."

त्यांचा चेहरा असा खुलला की आजही तो आठवणं मला नकोसं होतं. "सरी, ठीक. मी काय म्हणत होतो? फणस. दोन वर्षं तुम्ही मला पुस्तक वाचून दाखवलं, आणि शेवटी डॉक्टर काय म्हणाला? कच्चा." रिक्षात बनशंकरीपर्यंत त्यांचं हेच चालू होतं. रिक्षावाल्यालाही त्यांनी कानडीत सांगितलं. संध्याकाळी मी तपकिरी कोट नमुन्याला म्हणून त्यांच्याकडे देऊन आलो. चिठ्ठी खिशात आहे हे माझ्या ध्यानातही राहिलं नाही. ती आठवू नये असंच मला वाटत असणार.

कोट वेळेवर झाले. लग्नाच्या दोन दिवस आधी सरसक्कानं ते आणून दिले. ठीक होते म्हणायचे. लग्नाच्या सकाळी ती मांडवात एकटीच आली. "काल संध्याकाळपासून डोकं दुखतंय यांचं. उलट्या झाल्या. पित्त असेल म्हणून आलं-लिंबू दिलं. डोळा लालभडक झालाय." डॉक्टरांचं वाक्य जसंच्या तसं माझ्या कानात होतं. मुहूर्त पाऊण तासावर होता. मी म्हणालो, "अक्षता पडल्या की कुणाला तरी पाठवतो." अक्षता पडल्या. पंगती बसल्या. व्याही हात धुवून उठले तेव्हा मी माझ्या भावाला पाठवलं. दवाखान्यात पोचेपर्यंत पाच वाजले.

त्यांनी दाब उतरवला, दोन दिवसांनी भिंगही काढलं. पट्टी सोडल्यावर डॉक्टरांनी बोटं दाखवली. अण्णांना उजव्या डोळ्यानं बोटं दिसली नाहीत, दिवाही दिसला नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "फार हट्टी आहेत हो." हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की पुढं ते थांबलंच नाही.

अण्णा पलंगावरून म्हणाले, "मेष्टरे, जरा जास्त पिकला वाटतं."

वर्षभरानं डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्या वेळी त्यांनी फणसाचं नाव काढलं नाही. नवं भिंग बसलं. पट्टी निघाल्यावर ते आमच्याकडे आले, बैठकीच्या खोलीत उभे राहिले आणि भिंतींकडे बघत राहिले. "या निळ्या आहेत होय? मी चार वर्षं पांढऱ्या समजत होतो." मग माझ्याकडे चार हातांवरून बघितलं. "वळा." मी वळलो. "काय घालून लग्नात उभे होता तुम्ही? डावा खांदा अर्धा इंच खाली आहे."

त्यानंतर या माणसानं जे केलं त्यानं सगळा समाज हैराण झाला. गेल्या चार वर्षांत शिवलेला प्रत्येक कोट त्यांनी परत मागवला. मागवला कसला, घरोघर जाऊन काढून आणला. लोक म्हणायचे, अण्णा, असू द्या, चालतंय. ते दारातून हलायचे नाहीत. वकिलाच्या घरी जाऊन उन्हात कोट धरून म्हणाले, "निळ्या आहेत बाह्या. तुमचं बरोबर होतं." एक डोळा, आणि आता गळ्यातली टेप खरोखर हातात. एका डोळ्यानं अंतर कळत नाही, त्याची ही सोय. "आंधळ्याला टेप," मी थट्टा केली. "होय तर," ते म्हणाले. एकेक कोट उसवून, दुरुस्त करून, ते स्वतः पोचवत होते. त्याच सुमारास बिस्किटांचा डबाही उघडला, कारण आजारपणात राहून गेलेल्या पुड्या ज्याच्या त्याला द्यायच्या होत्या.

माझा मुलीच्या लग्नातला कोट घेऊन ते आले तेव्हा मी पेपर तपासत होतो. "घालून बघा." घातला. खांदा सरळ. "आणि खिसे तपासून घ्या." मी म्हणालो, "तपासतो हो अण्णा, नंतर." ते गेले. मी आतल्या खिशात कधी हात घालत नाही. पेन बाहेर, चष्मा बाहेर.

पुढच्या जानेवारीत मराठी मंडळातर्फे आम्ही मोफत नेत्र तपासणी शिबिर घेतलं. मी चिटणीस. उद्घाटनाला बोलायला उठलो आणि अण्णांची गोष्ट सांगितली. वकिलाचा कोट, सुई-दोरा, फणस, बसस्टॉप. लोक पोट धरून हसले. मग आवाज खाली आणून सांगितलं, हट्टानं एक डोळा कसा गेला ते. बायकांनी पदर डोळ्यांना लावला. अण्णा पहिल्या रांगेत बसले होते. मान हलवत होते. कुणीतरी विचारलं तर म्हणाले, "मेष्टर सांगतात तसंच. माझ्यासारखं करू नका." त्या दिवशी चाळीसेक म्हाताऱ्यांनी नावं दिली, आणि मला वाटलं, गोष्ट उपयोगी आहे. पुढच्या वर्षी पुन्हा सांगितली. त्याच्या पुढच्या वर्षीही.

तिसऱ्या शिबिरानंतर दोन महिन्यांनी अण्णा गेले. सरसक्का भावाकडे राहायला गेली, ती तिकडेच वारली. कोट मी ट्रंकेत ठेवला. गेल्या महिन्यात नातीच्या लग्नासाठी तो काढला, बायको गेल्यामुळे स्वतःच उन्हात टाकला, आणि आतल्या खिशाशी टाचणी बोटाला लागली. वर्तमानपत्राची पुडी. आत तपकिरी कोटातल्या तीन वस्तू. बसचं तिकीट, खडूचा तुकडा आणि डॉक्टरांची चिठ्ठी. तारीख डिसेंबरची. वरच्या कोपऱ्यात, दोन रेघांवर, तो एकच शब्द जो अण्णांना इंग्रजीत वाचता येत होता.

ते दुसऱ्याच्या खिशातलं वाचत नसत. पण त्या आकाराचा तो शब्द न वाचता कसा राहील, ते मला ठाऊक नाही. त्यांनी चिठ्ठी घडी होती तशीच ठेवली होती.

तिसऱ्या शिबिरातले अण्णा मला आता रोज दिसतात. माझं भाषण संपलं, मी खाली उतरलो. अंगात तोच कोट. ते तपासणीच्या रांगेजवळ उभे राहून एकेका म्हाताऱ्याला पुढं ढकलत होते, "चला, पिकायची वाट बघू नका. अर्जंट. हे काम अर्जंट." अर्जंट शब्दाचा तिटकारा असलेला माणूस हे म्हणतोय याचं मला हसू आलं होतं. मी जवळ गेल्यावर त्यांनी सवयीनं माझा खांदा नीट केला, कोटाच्या छातीवरून हात फिरवला. हात आतल्या खिशापाशी आला तसा थांबला. आत कागद करकरला असणार.

"खिसे तपासता की नाही, मेष्टरे?"

"अण्णा," मी वैतागून म्हणालो, "लोक थांबलेत."

"सरी," ते म्हणाले, आणि बाजूला झाले.